नव्या डिस्कवरचा खोकला

ही गोष्ट ज्याला खोटी वाटते त्यानं दौंडला यावं आणि माझ्या तोंडावर तसं म्हणावं. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. या गोष्टीला घाबरतो.

मागचा मे महिना. भर दुपार. माझं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

बापूसाहेब मेलेल्या पोराचा कॉम्प्युटर घेऊन आले. पोरगा गोकुळ, कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला होता. गॅस लागून गेला. कंपनी म्हणाली, चूक त्याचीच.

"पप्पू, नवी विंडो मार. आतलं समदं कोरं कर. माझ्या म्होरं."

"गोकुळचं काही असंल त्यात."

"मेलेल्याचं काय असतंय? नातवाला, स्वराजला अभ्यासाला पायजे."

साफ खोटं. सकाळीच त्यांच्या सुनेचा, सविताचा फोन आलेला.

"दादा, पाइप गळतोय म्हणून ह्यांनी कंपनीत रेकॉर्डिंग केलं व्हतं. खोकत खोकत बोलल्यात. त्या कॉम्प्युटरात तेवढाच पुरावा हाय. मामंजींनी कंपनीशी मिटवलंय. पुसू नका."

आम्हा रिपेअरवाल्यांची एक सवय असते. जुनी डिस्क पुसायचीच नाही. काढून ठेवायची, नवी बसवायची, विंडो तिच्यावर मारायची. गिऱ्हाईक स्क्रीन बघतं, डबा कोण बघतो?

धूळ झाडायच्या नावाखाली डिस्क बदलली. जुनी ड्रॉवरमध्ये.

स्क्रीन कोरी बघून बापूसाहेब खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी परत आले. डोळे तांबडे. कॉम्प्युटर काखेत.

"तू पुसलं न्हाईस."

"तुमच्यासमोर तर केलं."

"मग खोकतंय कोण?"

मी चालू केला. एक फाइल नाही. स्पीकर जोडलेलाच नव्हता.

काहीच नाही...

डोक्यावर पंखा फिरत होता. पण त्याचा आवाज येईना.

मग... डब्यातून खोकला आला. ओला. छाती फाटेल असा.

"आबा... पाइप गळतोय म्हणून तुम्हाला सांगितलं व्हतं ना?"

हे रेकॉर्डिंग नव्हतं. रेकॉर्डिंग समोर बसलेल्या बापाला जाब विचारत नाही.

"परत मार," बापूसाहेब म्हणाले.

परत फॉर्मॅट मारला. परत खोकला. शेवटी मी वायरच उपटली.

तरी...

बापूसाहेब डबा काखेत मारून निघून गेले.

संध्याकाळी सविता आली. तिच्यासमोर जुनी डिस्क जोडली.

रिकामी.

खराब नाही, पुसलेली नाही. जिच्यावर कुणी कधी काही लिहिलंच नाही, अशी.

"बापूसाहेबांनी तुम्हालाबी गप केलं का, दादा?"

ती शिवी मी अजून गिळतोय.

परवा तिचाच फोन आला. आवाज बारीक.

"दादा, तुमच्यावर उगं आळ घेतला. मामंजी दिवसभर त्या बंद डब्याम्होरं बसून माफी मागत्यात. मीबी कान लावून बसते. मला कायबी येत न्हाई. एकदा तरी यावा की नाही ओ मला आवाज?"

मी बोलणारच होतो...

तेवढ्यात फोनमध्ये, तिच्या पाठीमागून, कुणीतरी खोकलं.

"सविते... ए सविते..."

"ऐकताय ना दादा?" ती म्हणाली.

तो हाका मारत होता, आणि ती माझ्याच उत्तराची वाट बघत होती.

फोन कसा ठेवला आठवत नाही. तिला काय सांगू, मला अजून कळत नाही.