सुतळीचं दुसरं टोक

हे खरंच घडलंय. थाप मारायची असती तर मी अमावास्येची रात्र घेतली असती. पण ऑगस्ट १९९८, दुपारची वेळ, धानोऱ्याहून गडचिरोलीचा रस्ता... भुताला न शोभणारंच सगळं.

आतल्या एका गावची शाळा तपासून मी परतत होतो. भाड्याची जीप वयानं माझ्याहून थोडीच लहान. चालवायला कमरुद्दीन. मागच्या बाकावर सोमारी, पहिलटकरीण, कळा सुरू झालेली. तिला धरून बसलेली तिची सासू, सोनीबाई. गावात दुसरी गाडी नव्हती.

पाऊस असा, की दिवसाच अंधारलेलं.

जंगलात शिरलो आणि... कट्ट!

कमरुद्दीनसमोरच्या वायपरचा दांडा मुळाशी मोडला.

"थांबायचं का?" मी विचारलं.

"आपल्याले चालते, साहेब. पोरीले नाई चालत."

तो भिजत उतरला. दांडा तारेनं जागेवर बांधला, पण मोटर काही त्याला हलवेना. मग त्यानं दांड्याला दोन सुतळ्या बांधल्या. एक आपल्या खिडकीतून आत घेतली, दुसरी माझ्या.

"मी वढतो, मंग तुमी वढा. झोपू नका!"

त्यानं ओढली. मी ओढली. सर्र... सर्र... काच स्वच्छ. नोकरीत इतकं उपयोगी काम मी पहिल्यांदाच करत होतो.

पुढे खड्डे लागले. जीप उसळायला लागली. तिकडची ओढ मात्र वेळच्या वेळी.

जरा जास्तच वेळच्या वेळी...

मी कौतुकानं उजवीकडे पाहिलं.

कमरुद्दीनचा एक हात स्टेअरिंगवर. दुसरा गिअरवर.

सर्र...

"कमरुभाई, सुतळी?"

"मघाच सोडली ना! गिअर टाकू का सुतळी वढू? मले वाटलं, तुमीच दोन्हीकून..."

त्याची नजर खिडकीकडे गेली.

सुतळी त्याच्या खिडकीबाहेर होती. ताठ. पावसात आडवी. जीपच्या वेगानं सोबत चाललेली. टोक दिसत नव्हतं.

"सो... सोडू का?"

मागे सोमारी कळेनं किंचाळली.

"सोडू नका!" कमरुद्दीन ओरडला. "काचेतून दिसलं नाई तं आपन सीधे नाल्यात!"

मी ओढलं.

तिकडून ओढलं गेलं.

मी हळू झालो, की तेही हळू व्हायचं. एकदा भीतीनं माझा हात थांबला... सुतळीला दोन बारीक झटके आले. आठवण करून द्यावी तसे.

गडचिरोलीपर्यंत आम्ही असंच ओढत गेलो. आम्ही म्हणजे किती जण, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

दवाखान्यात सोमारीला आत नेलं. तिच्यामागे निघालेली सोनीबाई पावसातून परत आली. कमरुद्दीनच्या खिडकीबाहेरच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाली,

"दमला असशीन रे बाबू. पोचली आमची पोरगी. सोड आता. जाय घरी."

सुतळी सैल पडली.

"कोण होता, बाई?" मी विचारलं.

"मले का मालूम? एवढं काम करून राह्यला होता, बोलावं नाई का त्याच्यासंगं?"

सोमारीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. कमरुद्दीननं नवा दांडा बसवला.

सोनीबाईनं सुतळीपलीकडच्याला सोडायला सांगितलं. मला सांगायचं राहून गेलं.

अजूनही पावसात गाडीत बसलो, की तळहाताला दोन बारीक झटके येतात...

मी उत्तर देत नाही.

बहुतेक वेळा.