साइदिमूचे सात निरोप

गस्तीवर गेलेला साइदिमू लेतीवा तिसऱ्या दिवशी सकाळी सापडला. डोंगराच्या पायथ्याशी, खडकाला पाठ टेकून बसलेला. उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला, पाण्याची बाटली कोरडी ठणठणीत. जीव कधीच गेला होता. मांडीवरच्या रेडिओचा दिवा मात्र अजून लुकलुकत होता.

त्याचा गस्तीवरचा जोडीदार लेंगीस याने तो रेडिओ आणून रेडिओखोली सांभाळणाऱ्या नाइसुलापुढे टेबलावर ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. मुठीएवढा डबा, पुढे छोटा पडदा नि कळा, आत बॅटरी, वर बोटभर रबरी अँटेना. एकाने लिहिलेला निरोप दुसऱ्याच्या डब्याने उचलायचा, तिसऱ्याकडे ढकलायचा, असं करत तो टेकडीवरच्या खांबावरून नाइसुलाच्या खोलीत पोचायचा. निरोप आला की डबा वाजायचा. साइदिमूने सात निरोप धाडले होते. पहिल्यात लिहिलं होतं, पाय मोडलाय, पाणी थोडंच आहे. सातही निरोपांपुढे एकच खूण होती: कोणालाही मिळाला नाही. सातवा वाचून नाइसुलाने डबा पालथा ठेवला.

खडकापासून टेकडीवरचा खांब उघड्या डोळ्यांनी दिसत होता. जेमतेम अर्ध्या तासाची चाल.

नाइसुला थकली होती. पोलिसातली सत्तावीस वर्षं आणि दोन झिजलेले गुडघे घेऊन ती या राखीव रानाच्या रेडिओखोलीत आली होती, ती आता बसून काम करायला मिळेल म्हणून. डबे वाटले त्या दिवशी ती गस्तीवाल्यांना म्हणाली होती, हे परके समजू नका, घरच्या माणसासारखे सांभाळा. साइदिमू तेव्हा पुढेच उभा होता. नटायची भारी हौस त्याला. ती त्याला नवरदेव म्हणूनच हाक मारायची.

तीन महिन्यांत मुका झालेला हा चौथा डबा. आधीचे तिघे गस्तीवाले चालत घरी आले, म्हणून कोणी फारसं बोललं नव्हतं. आता सगळे बोलत होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं, डबे दुरुस्त करणाऱ्या एकितेलाचं. तो तुर्काना जमातीचा. सांबुरू जमातीच्या या वस्तीत राहून त्याला सहा वर्षं झाली होती, मुलं इथेच जन्मली होती, तरी गुरं चोरीला गेली की नजरा पहिल्यांदा त्याच्या दाराकडे वळत. त्याने मुद्दाम मेलेल्या बॅटऱ्या घातल्या, असं तरण्या पोरांनी ठरवूनच टाकलं होतं. उद्या दुपारी बाभळीखाली बैठक होती. तिथे दोष त्याच्यावर आला तर त्याला बायकापोरांसह निघावं लागणार होतं, आणि तो जिवंत सडकेपर्यंत पोचेल याची हमी कोणी दिली नसती.

नाइसुलाने त्याला बोलावून घेतलं.

"चारही डबे तूच उघडले होतेस?"

"मीच. दुसरं कोण उघडणार?"

"बॅटऱ्या?"

"ही साइदिमूची बघा ना ताई. फुगलेली नाही, गळलेली नाही. तीन दिवस दिवा लुकलुकत होता, तो काय हवेवर?"

"मग बिघडतं काय?"

"निरोप बाहेर फेकणारा भाग. तो भाजून निघतो. आधीच्या तिन्हींत मी नवा घातला, महिन्याभरात पुन्हा तेच. आणि इथे टेबलावर वाजतात हो. दर वेळी वाजतात."

"रानात वाजत नाहीत."

"रानात मला नेतं कोण?" एकितेला म्हणाला. आवाजात राग नव्हता, सवय होती.

नाइसुलाने चष्मा पुसला आणि डबा उजेडात धरला. साइदिमू अंगाला लाल गेरू आणि चरबी चोपडायचा, तो रंग डब्यावर सगळीकडे लागला होता. अँटेना तेवढी बुडापासून टोकापर्यंत स्वच्छ होती, आणि तिच्या रबरावर बारीक गोल चऱ्या उमटल्या होत्या. एकितेला म्हणाला, चारही डब्यांना त्या होत्या, कारखान्यातूनच तशा येत असतील. तिने कपाटातला कोरा डबा काढला. त्याची अँटेना गुळगुळीत होती.

ती बाहेर लेंगीसजवळ जाऊन बसली.

"तुझा डबा कधी बंद पडला?"

"कधीच नाही. शेणात दोनदा पडला, तरी वाजतो."

"फार जपतोस वाटतं."

"जपायला नि नटवायला घरात आहे कोण? आई गेली, बायको कोणी देत नाही. माझं तोंड बघा की."

त्याच्या अँटेनेवर गेरू लागलेला होता आणि चरी एकही नव्हती. नाइसुलाने ती अँटेना निरखून बघितली. मग तिने हळूच विचारलं, "साइदिमूच्या डब्यावरून तू काय काढून घेतलंस?"

लेंगीसने मान खाली घातली. "जिचं होतं तिला परत दिलं," एवढंच तो म्हणाला.

दुपारी नाइसुला साइदिमूच्या आईकडे जाऊन आली. येताना तिच्याजवळ फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. उन्हं उतरेपर्यंत ती आणि एकितेला दोन डबे घेऊन माळावर पुढेमागे चालत होते, आणि लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी बाभळीखाली अख्खी वस्ती जमली. नाइसुलाने फडकं सोडलं. आत मण्यांची नळी होती, लाल, पांढरी, निळी, बारीक तारेत घट्ट ओवलेली. बोटात घालावी अशी ती तिने कोऱ्या डब्याच्या अँटेनेवर चढवली, आणि लेंगीसला त्याचा डबा घेऊन चालायला सांगितलं. कोऱ्या डब्यावरून ती निरोप धाडत राहिली. पन्नास पावलांवर त्याचा डबा वाजला. तीनशे पावलांवर वाजला नाही. तिने नळी काढली. लेंगीस कोरड्या नदीपर्यंत गेला तरी वाजतच राहिला.

"मण्यांचा दोष नाही, आतल्या तारेचा आहे," नाइसुला म्हणाली. "तारेच्या वेटोळ्यात अँटेना कोंडली की निरोप बाहेर पडत नाही. उलटून आत येतो आणि फेकणारा भाग भाजत राहतो. टेबलावर दुसरा डबा हातभर अंतरावर असतो, त्याला भाजलेल्या भागाची कुजबुजही ऐकू येते."

"मग याला इतके महिने कळलं कसं नाही?" म्हातारा लेनाइपा एकितेलाकडे बोट करून म्हणाला.

"तुम्ही कळू दिलंत का, बाबा? डबा दुरुस्तीला देताना प्रत्येकाने मणी काढून घरी ठेवले. आपल्या माणसाने विणलेलं परक्याच्या हातात कसं द्यायचं, म्हणून. त्याला नागडा डबा दाखवलात, आणि आता म्हणता यानेच मारलं."

साइदिमूची आई बायकांमध्ये बसली होती आणि सगळे तिच्याकडे न बघण्याची खटपट करत होते.

"मग दोष कोणाचा?" लेनाइपाने विचारलं.

"माझा. पाण्यात बुडवू नका, उन्हात ठेवू नका, अँटेना काढू नका, एवढं मी कागदावरून वाचून दाखवलं. मग मनाचं बोलले, घरच्यासारखे सांभाळा. आपल्यात घरच्या माणसाला मणी घालतात, हे मला माहीत नव्हतं का? एका लग्नात साइदिमूचा डबा नटलेला बघून मी त्याला चिडवलं, नवरदेव तू की तुझा डबा. हसले आणि विसरले. अँटेनेवरच्या चऱ्या बघितल्या तेव्हा आठवलं." "मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

साइदिमूची आई उठली. ती नाइसुलापुढे येऊन उभी राहिली.

"लेंगीस म्हणाला, सातवा निरोप तू कोणाला वाचून दाखवला नाहीस. वाच."

नाइसुलाने डबा काढला. डोळ्यांपुढे अक्षरं नीट दिसेनात, पण तिला ती पाठ होती.

"आईला सांगा, मी सावलीत आहे. फार दुखत नाही."

आईने हात पुढे करून मण्यांची नळी मागून घेतली आणि बटव्यात ठेवली.

"रानात असे डबे किती?"

"तेवीस."

"विणायला मीच शिकवलं सगळ्यांना. कोणी विणून घातलं, कोणाचं अर्धं झालंय, मला घर न घर माहीत आहे." ती एकितेलाकडे वळली. "पक्कड आण रे तुझी. मी दार दाखवते, तू तार काप."

एकितेलाने एकदा बैठकीकडे बघितलं. कोणी अडवलं नाही. तो पक्कड आणायला गेला, आणि ती बाभळीखाली त्याची वाट बघत उभी राहिली.