चाकावरचा अंगठा

पंक्चर निघायला वीसेक मिनिटं लागतील, बसा ना. त्या स्टुलावर नको, या खोक्यावर बसा. का, ते सांगतो. मला फारसं बोलायला जमत नाही, पण हात कामात असले की जमतं.

गेल्या वर्षी माझ्या ताईच्या मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालं आणि आत जंतू शिरले. नेहमीच्या औषधांना ते दादच देईनात. डॉक्टरांनी भाऊजींना आणि मला बाजूला घेतलं.

"दोन औषधं शिरेतून एकदम द्यायची. एकटं गेलं तर हे जंतू त्याला खाऊन टाकतात. दुसरं त्याची राखण करतं. चौदा दिवस. एकही पाळी चुकता कामा नये."

चुकली तर काय, ते भाऊजींनी विचारलं नाही. मीही नाही.

ताई वेगळ्या खोलीत होती. आत जाताना निळा गाऊन, मास्क, हातमोजे घालायचे. माणसाचे फक्त डोळे दिसायचे. रात्री भाऊजी थांबायचे, दुपारी मी दुकान बंद करून जायचो. दोन वाजता सिस्टर दोन्ही बाटल्या लावायच्या. पहिली थेंब मोजून सोडणाऱ्या यंत्रावर. दुसरं यंत्र मोकळं नसायचं, म्हणून दुसरी बाटली नळीवरच्या छोट्या चाकावर सोडायची. चाक वर सरकवलं की थेंब पडतात, खाली दाबलं की बंद. तीन तास चालायचं ते.

कोणीही आत आलं की मी उठून उभा राहायचो. सिस्टर हसायच्या. "अरे, पाहुण्यासारखा काय उभा राहतोस? बहीण तुझीच ना? की भाड्याने आणलाय तुला?"

सहाव्या दिवशी पाच वाजता त्या आल्या, तर पहिली बाटली रिकामी आणि दुसरी जवळजवळ भरलेली. चाक बंद.

"हात लावलास?"

"नाही."

"मग काय आपोआप फिरलं?"

मधे एक बाई येऊन गेल्या होत्या. गाऊन, मास्क, सगळं. चाकाला हात लावून गेल्या. मी उठून उभा राहिलो होतो. हे काय करताय, असं विचारायला तोंडच उघडलं नाही.

त्या रात्री ताईचा ताप एकशे चारच्या वर गेला. भाऊजी सकाळी मला म्हणाले, "तू तिथे होतास ना?" त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

सातव्या दिवशी मी चाकावरून नजर काढली नाही. बसवेना, उभं राहवेना. अडीचच्या सुमारास खोलीत स्पिरिटचा वास वाढला. त्यात आणखी एक वास होता, बरेच दिवस न बदललेल्या पट्टीचा. दार वाजलं नाही. मान वळवली तर त्या बाई पलंगाशी उभ्या होत्या.

हातात मोजे नव्हते. हाताच्या पाठीवर सुई होती, वर चिकटपट्टी. सुई लावली की सिस्टर पट्टीवर पेनाने तारीख लिहितात. ताईच्याही होती, दोन दिवसांपूर्वीची. या पट्टीवरची तारीख चार महिन्यांपूर्वीची होती.

त्यांचा अंगठा चाकाकडे गेला. मी माझा अंगठा आधी चाकाखाली घातला.

"नको," मी म्हणालो. एवढं साधं 'नको' मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं.

"ही बाटली माझी आहे..." आवाज मास्कच्या आतून आल्यासारखा वाटत नव्हता. "मला एकच मिळाली... दुसरी येते म्हणाले... मी वाट बघितली."

"ही माझ्या ताईची आहे."

त्यांचा अंगठा माझ्या अंगठ्यावर टेकला. थंड, आणि जड. बेल पलंगाच्या पलीकडे होती. ताई तापात झोपलेली. मी वर रेटत राहिलो, त्या खाली. थेंब पडत होते. एक... एक... एक. अंगठा बधिर झाला, मग खांदा. किती वेळ गेला, कळलं नाही.

"माझ्याजवळ असं कोणी बसलं नाही," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. म्हणून बोलून गेलो, "मी असतो तर बसलो असतो."

"कधी बसशील?"

मला एकदा नाही म्हणणंच जड गेलं होतं. दुसऱ्यांदा जमलं नाही.

"ताई घरी गेली की..."

अंगठा उचलला गेला. सिस्टर आल्या तेव्हा दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या आणि मी चाक धरून उभा.

"त्या मघाच्या बाई कुठल्या वॉर्डच्या?" मी विचारलं.

"कोण बाई? मी दोनपासून दारासमोर बसलेय. कोणी आलं नाही."

दोन दिवसांत ताप उतरला. पंधराव्या दिवशी ताई घरी आली. आता चालते, मला आधीसारखी रागावतेही.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दुपारी अडीचला माझा हा अंगठा थंड पडतो आणि दुकानात तो वास येतो. स्टूल थोडं करकरतं. मी हातातलं काम ठेवतो आणि शेजारी बसतो. तीन तास. शब्द दिला होता, आणि त्या काही करत नाहीत, नुसत्या बसतात, असंच मला वाटत होतं.

परवा स्टुलाच्या कडेला ही चिकटपट्टी सापडली. वाचा. तारीख जुनी नाही, परवाचीच आहे.

आणि हे बघा, माझ्या हाताच्या पाठीवर. हा निळा डाग, मधे टोचल्याची खूण. मला आजवर कधी सलाईन लागलेलं नाही.

झालं तुमचं चाक. पैसे राहू द्या, उद्या द्या. तुम्ही निघा आता. सव्वादोन वाजून गेले.