मावशींचा जोडीदार

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. ज्याच्यासोबत घडलं तो माझा सख्खा आतेभाऊ. आणि तो आवाज एकट्या त्याने नाही, अख्ख्या बसने ऐकला होता.

दादा एका यात्रा कंपनीत टूर मॅनेजर होता. देवदर्शनाच्या बस घेऊन देशभर फिरायचा. तोंडाचा पट्टा असा की चढण चढून दमलेली माणसंही हसायची.

बस सुटण्याआधी हजेरी घ्यायची त्याची एक पद्धत होती. आपलं नाव घेतलं की आपण बोलायचं नाही. आपल्या जोडीदाराने बोलायचं, "आला" किंवा "आली". म्हणजे माणसाचं शेजारच्याकडे लक्ष राहतं, असं त्याचं म्हणणं. एकेकट्या आलेल्यांची तो आपसात जोडी लावून द्यायचा.

त्या खेपेला एक मावशी एकट्याच आल्या होत्या. हातात काठी. त्यांची जोडी लागली टेलरकाकांशी. काकाही एकटेच, आणि कानाने जरा कमी. पण घाट लागला तशी मावशींना मळमळायला लागलं. दादाने त्यांना पुढे, स्वतःच्या शेजारी आणून बसवलं.

"मावशी, आता काकांना सोडचिठ्ठी द्या. आजपासून मी तुमचा जोडीदार."

मावशी खूश. दादाच्या नावाची हजेरी कोण घेणार? तरी प्रत्येक थांब्यावर शेवटी त्या ओरडायच्या, "माझा जोडीदार आला हो!" सगळी बस हसायची.

मग ती संध्याकाळ आली.

डोंगरावरचं देवस्थान. पायथ्याला बस उभ्या. धुकं इतकं की शेजारची बस दिसेना. लॉजवाल्याचा सारखा फोन, उशीर केलात तर खोल्या दुसऱ्यांना देतो म्हणून. दारात उभं राहून, एका कानाला फोन लावून दादाने हजेरी घेतली. मावशींचं नाव आलं तेव्हा त्याने स्वतःच म्हणून टाकलं, "आली."

मान वळवून पाहिलं नाही.

मग रस्ता बघायला तो केबिनमध्ये ड्रायव्हरजवळ जाऊन बसला.

लॉजवर उतरल्यावर कळलं, मावशी बसमध्ये नाहीतच. बस तशीच माघारी फिरवली. पण...

मावशी सकाळी सापडल्या. घाटातल्या वळणाखाली, दरीत. जीव नव्हता. बसच्या मागे मागे चालत निघाल्या होत्या.

ऑफिसात चौकशी झाली. दादाला समोर दिसत होतं: नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. आणि तो बोलून गेला, "त्यांचे जोडीदार टेलरकाका होते. तेच 'आली' म्हणाले."

कमी ऐकणाऱ्या माणसाने घोळ घातला, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. बाकीचे प्रवासी घरोघरी पांगले होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. ड्रायव्हरने मान खाली घातली. सगळं खापर काकांच्या डोक्यावर फुटलं.

पुढच्या वर्षी त्याच यात्रेला मावशींची लेक आली. आई शेवटची कुठे होती ते तिला बघायचं होतं.

"त्या टेलरला मी जन्मात माफ करणार नाही," ती दादाला म्हणाली.

दादाने तिला पाण्याची बाटली आणून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो मला नंतर म्हणाला. 

पहिल्याच थांब्यावर...

टक... टक...

बसच्या पायऱ्यांवर काठी टेकल्याचा आवाज. दादाने वळून पाहिलं. दारात कुणी नाही. त्या खेपेला बसमध्ये काठी कुणाकडेच नव्हती.

पुढच्या थांब्यावर परत तेच. ह्या वेळी आवाज त्याच्या शेजारच्या सीटपाशी येऊन थांबला. त्या सीटवर त्याने मुद्दाम आपली बॅग ठेवली होती.

पाहिलं, तर बॅग खाली पायाशी ठेवलेली होती. नीट, सरळ.

मग बस त्या डोंगराच्या पायथ्याला आली. लख्ख ऊन होतं. दर्शनं उरकून सगळे चढले. हजेरी सुरू झाली. आता दादा एकेका तोंडाकडे बघून नाव घ्यायचा.

"आला."

"आली."

शेवटचं नाव झालं. दादाने "चला" म्हणायला तोंड उघडलं, आणि...

"माझा जोडीदार आला हो!"

मागचे काही जण हसले. त्यांना वाटलं, कुणीतरी गंमत केली.

ड्रायव्हर गेल्या वर्षीचाच. त्याचा गिअरवरचा हात तसाच राहिला.

लेक उठून उभी राहिली होती. "हा आईचा आवाज आहे."

ती पुढे आली. आधी रिकाम्या सीटकडे पाहिलं, मग दादाकडे.

"आई कुणाला जोडीदार म्हणतेय?"

दादाने तिथेच, सगळ्यांदेखत, सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही, रडली नाही. "बस काढा," एवढंच म्हणाली. आणि त्याच सीटवर बसली. यात्रा संपेपर्यंत तिने ती जागा सोडली नाही.

नोकरी गेलीच. दादा टेलरकाकांचे पाय धरायला गेला. काका शिलाई मशीनवर बसले होते. आपली चूक दादाला दोनदा, मोठमोठ्याने ओरडून सांगावी लागली. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती.

काका गोंधळले.

"असं कसं? मला चांगलं आठवतंय. मीच 'आली' म्हटलं होतं. रोज आठवतं मला."

दादाने पुन्हा पुन्हा सांगितलं. काका मान हलवत राहिले. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तो आवाज आला कुठून, ते मला विचारू नका. दादाला तो परत कधी ऐकू आला नाही. मी म्हटलं, "चला, सुटलास बाबा."

"सुटलो कसला?" दादा म्हणाला. "मावशी गेल्या मला तिथेच सोडून. आता माझ्या नावाला 'आला' म्हणणारं कुणी नाही."

परवा आम्ही घरचे सगळे एका लग्नाला गाडीने निघालो. दार ओढताना मी सहज विचारलं, "आले का सगळे?" सगळे हो म्हणाले. दादा माझ्या शेजारीच बसला होता, तोच एक काही बोलला नाही.

मी त्याला हात लावून बघितलं आणि म्हटलं, "आला."