हितसंबंध असल्यास नमूद करावेत

मोराग टेलफरने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याचा एक पाय बालवाडीच्या कुंपणाच्या आत होता आणि दुसरा बाहेर. अंगात चांगला कोट, काखेत फाईल, आणि पँट तारेत अडकलेली. मोराग त्या वेळी पाण्याची नळी घेऊन मुलांचे चिखलाचे गमबूट धूत होती. "कोण आहेस तू?" हे तिने विचारलं खरं, पण पाणी आधी सोडलं, प्रश्न नंतर.

"थांबा — अहो, थांबा! मी शिक्षण खात्याचा —"

"शिक्षण खात्याची माणसं फाटकातून येतात!"

"फाटक उघडत नाहीये! पाच मिनिटं झटतोय मी!"

चार वर्षांची पिपा हा तमाशा बघत उभी होती. तिने एक काठी उचलली, कडीखाली घातली, खालच्या फळीला लाथ घातली आणि फाटक सताड उघडून दिलं.

"किया ओरा," ती पाहुण्याला तिथल्या बोलीत नमस्कार करत म्हणाली. "असं उघडायचं."

भिजलेल्या माणसाने फाटकाकडे पाहिलं, पिपाकडे पाहिलं, आणि ठिबकणारी फाईल उघडून शांतपणे काहीतरी लिहिलं. मोरागच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तपासणीला येणारा साहेब हाच, हे तिला कळलं. आणि पहिला दोष सापडलाय, हेही कळलं.

तिच्या रागाला ग्लेनरोआ गावात सगळे ओळखून होते. पण त्या रागाच्या जोरावरच तर ही बालवाडी उभी होती! सात वर्षांपूर्वी लोकरीचं जुनं गोदाम होतं ते. आयांनी रंग दिला, बापांनी ओटा बांधला, आणि मोरागने खात्याशी भांडून भांडून परवाना आणला. दुसरी बालवाडी पंचावन्न किलोमीटरवर. मेंढ्या विण्याच्या दिवसांत बायका पहाटेपासून कुरणात असतात. त्यांनी पोरं कुठे ठेवायची? आणि हा बाबा इन्व्हरकार्गिल शहरातून गाडी हाकत येतो आणि कडीत दोष काढतो!

त्याचं नाव राविरी कातेने. मोरागने दिलेल्या टॉवेलने त्याने डोकं पुसलं, आणि चक्क गुडघ्यांवर बसून तो खोलीभर रांगायला लागला. एकोणीस मुलं त्याच्यामागे रांगत निघाली.

"खाली काय शोधताय?" मोराग कडाडली. "माझी अब्रू?"

"तुमच्या मुलांची उंची तीन फूट आहे," तो टेबलाखालून म्हणाला. "धोकेही तेवढ्याच उंचीवर असतात."

हे बोलणं तिला पटलं. पटलं म्हणून आणखीच राग आला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या यादीत तीन दोष होते. फाटक मुलांना उघडता येतं. हात धुण्याच्या नळाचं पाणी भाजेल इतकं गरम येतं. आणि ओट्याच्या कठड्याच्या फटी रुंद. त्याने आणलेला लाकडी चेंडू आरपार गेला, म्हणजे तान्ह्याचं डोकंही जाईल.

"चार आठवडे. तोवर तात्पुरता परवाना," तो म्हणाला. "नाही जमलं तर... बंद करावी लागेल."

"बंद? आणि ही एकोणीस मुलं कुठे धाडू? मेंढ्यांत?"

"म्हणून मी दर गुरुवारी येईन. एकेक करून संपवू."

"उपकार झाले!"

तो फाटकाशी गेला, पिपाने ते उघडेपर्यंत थांबला आणि वळून म्हणाला, "आणि मिस टेलफर... पाण्याचा दाब मात्र उत्तम आहे. तशी नोंद केलीय मी."

मोरागने झटकन तोंड फिरवलं. हसू येत होतं, आणि ते त्याला दाखवायची तिची मुळीच तयारी नव्हती.

पुढच्या गुरुवारी फाटकाला नवी कडी होती. पिपाने दहा मिनिटं काठीने झुंज दिली आणि शेवटी रागाने भोकाड पसरलं. "उत्तम," राविरी म्हणाला आणि पहिली खूण केली.

नळाचं काम किचकट होतं. गरम पाण्याची चावी झोपायच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटामागे. प्लंबर म्हणाला होता, पंधरा दिवसांनी येतो. मोराग कुणासाठी थांबणाऱ्यांतली नव्हेच. त्या मुलखात जमीन कधी हलेल याचा भरवसा नसतो, म्हणून कपाट चार मोठ्या स्क्रूंनी भिंतीला आवळलेलं होतं. तिने ते काढून एप्रनच्या खिशात टाकले, कपाट सरकवलं आणि आत घुसली. राविरी दोन्ही हात खिशात घालून उभा.

"मदत करायची नाही तर निदान उजेड तरी अडवू नका!"

"मदत करता येत नाही. ज्याने तपासायचं त्याने हात लावायचा नाही, नियम आहे." तो बाजूला झाला. मग थोड्या वेळाने समोरच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "काय गं भिंती, आमच्या आजोबांकडेही अशीच चावी होती. ती उलटी फिरायची."

"कुणाशी बोलताय?"

"भिंतीशी. भिंतीला सल्ला द्यायला बंदी नाही."

तिने चावी उलटी फिरवली. फिरली! नळाखाली धरलेला त्याचा तापमापक एकोणचाळीसवर थांबला, आणि धुळीने माखलेली मोराग जमिनीवर बसूनच खळखळून हसली. तो बघतच राहिला. नजर काढून घ्यायचं त्याला सुचलंच नाही.

"काय झालं?"

"काही नाही. गालावर... जाळं लागलंय."

तिने गाल पुसला.

"दुसऱ्या."

"मग काढा ना! की त्यालाही नियम आहे?"

"आहे," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

मोरागची छाती उगीचच धडधडायला लागली. तिने कमरेच्या धक्क्याने कपाट मागे ढकललं आणि मुलांचा खाऊ करायला म्हणून स्वयंपाकघरात पळ काढला. चीज भरून भाजलेल्या पावाचं, गरम चीज रोलचं ताट त्याच्यापुढे आणून आदळलं, तर साहेबांनी हात जोडले. तपासणीच्या जागी काही घेता येत नाही म्हणे.

"लोणी लावलेला पाव ही लाच?" ती भडकली. "मी तुला विकत घ्यायचं ठरवलं असतं ना, तर अख्खी मेंढी कापली असती!"

"तसं असेल तर मी फारच स्वस्तात जातोय," तो हळूच म्हणाला, आणि त्या भाजलेल्या चीजच्या वासात, भुकेल्या पोटी, निघून गेला.

तिसऱ्या गुरुवारी दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पावसात बर्फाचे कण होते. बापांनी रविवारी कठड्याला नव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. राविरीने चेंडू दहा ठिकाणी लावून पाहिला. एकाही फटीतून गेला नाही. झालं! तिन्ही दोष संपले. मोरागने शेवटचा कागद त्याच्यापुढे धरला. तो वाऱ्याने फडफडला, तसा दोघांनी एकदमच धरला, आणि तिची गारठलेली बोटं त्याच्या बोटांखाली आली. कुणीच काढली नाहीत.

"कर ना सही," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा खणखणीत काढायचा होता... निघाला नाही.

त्याने पेन टेकवलं. तिच्याकडे पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं.

"आज नाही."

"का? काय राहिलंय आता?"

"मोराग... मला विचार करायला हवा."

आणि तो चालता झाला. मोराग बर्फाच्या पावसात तो बिनसहीचा कागद धरून उभी. विचार? कसला विचार? आठवडाभर तिच्या अंगाचा तिळपापड होत राहिला.

चौथ्या गुरुवारी तो आलाच नाही. आली ती खात्याची दुसरी तपासनीस, ग्लेनिस डफ. वय साठ, केस आखूड, चेहऱ्यावर हसण्याची एक सुरकुती नाही.

"श्री. कातेने यांनी हितसंबंधाचा फॉर्म भरून ही फाईल सोडली आहे," तिने जाहीर केलं. "त्यांच्या सगळ्या खुणा रद्द. मी पहिल्यापासून तपासणार."

"हितसंबंध? कसला हितसंबंध?"

"गोपनीय आहे."

मोरागला ते चीज रोल आठवले. लाच दिली असं लिहिलं की काय त्याने? तो मुद्दाम हसवत होता आणि आपण वेड्यासारखं हसत होतो... ग्लेनिस इकडे फाटक, नळ, कठडा पार करून झोपायच्या खोलीत शिरली. तिने पुस्तकांच्या कपाटाला एक हात लावून ओढलं. कपाट पुढे झुकलं. त्याच्या पायाशी तीन छोट्या गाद्या अंथरलेल्या होत्या.

ग्लेनिसने कपाट हळूच मागे लोटलं.

"इथली सगळी कपाटं, सगळ्या मांडण्या भिंतीला आवळा. सोमवारी मी परत येईन. त्या दिवशी एक जरी हललं तर परवाना रद्द आणि दुपारपासून दाराला कुलूप. गाद्या आत्ता इथून हलवा."

गाद्या मोरागनेच हलवल्या. तीन वाजता शेवटचं मूल आईकडे सोपवलं आणि ती होती तशी, एप्रन आणि गमबुटांसकट, गाडीत बसली आणि सव्वा तास इन्व्हरकार्गिलपर्यंत राविरीच्या नावाने खडे फोडत गेली.

कचेरीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिने गमबूट वाजवत जाऊन त्याच्या टेबलावर हात आपटला.

"काय लिहिलंयस तू माझ्याबद्दल? वाचून दाखव!"

राविरी उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "तुझ्याबद्दल लिहिलंय, म्हणजे बघायचा हक्क आहे तुला," असं म्हणत त्याने खणातून एक कागद काढला. छापलेला मामुली फॉर्म. *हितसंबंध असल्यास नमूद करावेत.* खाली त्याचं ठसठशीत अक्षर:

*नात्याचा प्रकार: सध्या काही नाही. मोराग टेलफर यांना कल्पना नाही. पण मी त्यांच्या प्रेमात पडलो आहे. त्यांच्या बालवाडीची तपासणी मी करणं योग्य नाही.*

मोरागने ते वाचलं. पुन्हा वाचलं. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्हींचा तिला भयंकर राग आला.

"तू हे आधी तुझ्या साहेबांना सांगितलंस?"

"नियम आहे की —"

"त्या ग्लेनिसला माहीत! या सगळ्या टेबलांना माहीत! आणि मला?" तिचा आवाज छताला लागला. "एक गुरुवार, राविरी! एक गुरुवार थांबायचं होतंस! सही करायची आणि मग पडायचं प्रेमात! तुझ्या मनाचे चोचले, आणि माझ्या एकोणीस पोरांवर गदा!"

"पेन टेकवलं होतं मी," तो म्हणाला. "आणि मला कळेना, कठडा बरोबर आहे म्हणून सही करतोय, की तू पुन्हा तशी हसावीस म्हणून. तिथे मुलं झोपतात, मोराग. त्या कपाटाचं आज ग्लेनिसकडून कळलं मला. मी तीन वेळा त्या खोलीत आलो. तुझ्याशिवाय तिथलं काही पाहिलंच नाही मी."

मोरागचा हात रागाने एप्रनच्या खिशात गेला, गाडीची किल्ली शोधायला. किल्लीबरोबर काहीतरी जड हाताला लागलं. तिने ते टेबलावर ओतलं.

चार स्क्रू.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्या दिवशी गालावरचं जाळं... धडधड... स्वयंपाकघरात काढलेला पळ. सात वर्षांत तिच्या हातून अशी चूक झाली नव्हती. पंधरा दिवस ती तान्ही त्या कपाटाखाली झोपली होती.

"मीच काढले होते," ती कशीबशी म्हणाली. "परत लावायचे विसरले. मी... विसरले."

राविरीने तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. तो टेबलाला वळसा घालून यायला निघाला.

"तिथेच थांब!" तिने स्क्रू मुठीत घेतले. "उत्तर सोमवारी. परवान्यानंतर. तोवर फोन नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. माझ्या परवान्यावर कुणी बोट ठेवायला नको." दारापर्यंत जाऊन ती पुन्हा गरजली, "आणि जेवत जा जरा! किती उतरलायस!"

शुक्रवारी बालवाडी सुटल्यापासून रविवार सरेपर्यंत तिने बालवाडीतलं प्रत्येक कपाट स्वतः आवळलं, आणि प्रत्येकाला लोंबकळून पाहिलं. सोमवारी ग्लेनिसने दोन्ही हातांनी एकेक ओढलं. पुस्तकांचं कपाट तिने तीनदा ओढलं. मग कागद काढला आणि सही केली. पूर्ण परवाना, तीन वर्षांचा.

मोरागने तो कागद छातीशी धरला.

"तुमच्या फाटकापलीकडे रस्त्यावर एक गाडी उभी आहे," ग्लेनिस फाईल मिटत म्हणाली. "माझ्या आधीपासून. ती तपासणं माझ्या कक्षेत येत नाही."

मोराग तरातरा बाहेर गेली. राविरी गाडीला टेकून उभा होता, वाऱ्याने नाक लाल झालेलं. तिने परवाना त्याच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"केव्हापासून उभा आहेस इथे?"

"सातपासून."

"गारठून मरायचंय? अक्कल आहे की नाही?"

"मोराग, उत्तर..."

"हो!" ती अशी ओरडली की कुरणातल्या मेंढ्यांनी चरणं थांबवलं. "हो म्हणतेय ना! मीही पडलेय! त्याशिवाय कपाट सुटं ठेवीन का मी? आणि ऐकून ठेव, पुन्हा कधी प्रेमात पडलास तर आधी मला सांगायचं, मग साहेबांना!"

"पुन्हा?" त्याने दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला. "पुन्हा कुणाच्या?"

"माझ्याच, मूर्खा," मोराग म्हणाली. तिचा राग तेवढ्यापुरता संपला होता.