जिवंत माणसाचं माप

तुमच्यापैकी कोणी कधी जिवंत माणसाचं शवपेटीसाठी माप घेतलंय का रे? हसू नका. माझ्या चुलतभावाने घेतलंय. धंद्याने सुतार. रंधा मारून मारून पाठीला बाक आला, म्हणून सगळे त्याला रंधाच म्हणायचे. दारं-खिडक्या करायचा, पण चूल पेटायची ती शवपेट्यांवर. आणि त्या कामाचा त्यांच्या घरात एक दंडक होता, बापाच्या बापापासूनचा. मापाची काठी लावायची ती मेलेल्यालाच. जिवंत माणसाला लावली, तर ते माप रिकामं राहत नाही. उजाडायच्या आत कोणीतरी ते भरतंच.

गेल्या नोव्हेंबरची सतरा तारीख होती. शुक्रवार. रात्री दहाला दुकान बंद करून तो सिस्टरबाईंकडे निघाला. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स म्हणून राबलेली बाई. आता पोटात गाठ होती आणि दोन महिने जमिनीला पाय लागला नव्हता. त्यांचाच निरोप होता: ये आणि माझं माप घेऊन जा.

रंध्याने तीनदा टाळलं होतं. पण त्याच्या बायकोला बाळंतपणात मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं ते याच बाईने. चौथ्यांदा कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

दारातच त्यांची भाची भेटली. रात्रपाळीला निघाली होती. "दादा, मी सहाला येते. तोवर बसाल ना? मावशी एकटी आहे."

"बसतो की. जा तू."

एकच खोली. पलंग, औषधांचं टेबल, भिंतीवर साधा लाकडी क्रूस. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगाची नुसती काडी झालेली, पण जीभ शाबूत.

"आलास? मला वाटलं, थेट माझ्या मयतालाच उगवशील."

"सिस्टरबाई, जिवंत माणसाचं माप घेऊ नये. आमच्यात..."

"ठाऊक आहे तुमच्यातलं. अरे, माप घेतल्याने कोणी मरत नाही. प्रभूची हाक आली की माणूस उठतो आणि जातो. आणि मेल्यावर तुझी घाई होते. मग ओल्या फळ्या ठोकतोस. पास्टरांच्या आईच्या पेटीचं झाकण फुगलं होतं, कळलंय मला."

रंधा ओशाळला. मग हळूच म्हणाला, "भीती नाही वाटत तुम्हाला?"

"दुखण्याची वाटते. खोटं कशाला बोलू? पण मरणाची कशाला वाटेल? तिकडे माझी ओळख आहे."

इकडचं तिकडचं बोलत त्याने तासभर काढला. मग बाईंनीच विषय काढला. "भंगारवाल्याची पेटी तू केलीस ना?"

अकरा वर्षांपूर्वी त्या भंगारवाल्याने सख्ख्या भावाला पहारीने ठेचून मारलं होतं. अख्ख्या गल्लीने पाहिलं. साक्षीला उभी राहिली ती एकटी ही बाई. कोर्टातून नेताना तो ओरडला होता, "मेलो तरी येईन. तुला घाबरवून घाबरवून मारीन." आणि या शुक्रवारच्या आधीच्या सोमवारी तो तुरुंगात मेला. मंगळवारी पुरला.

"मीच केली," रंधा म्हणाला. "ओरडत गेला म्हणतात. चौघांनी धरलं होतं."

"दोन पत्रं लिहिली होती मी त्याला. उत्तर आलं नाही." बाई उशीवरून सरकून आडव्या झाल्या. "चल, घे माप. उगाच चालढकल नको."

घड्याळात अकरा वीस झाले होते. त्याने काठी लावली. टाळूपासून टाचेपर्यंत. पेन्सिलने खूण केली.

आणि गल्लीत आवाज आला.

लोखंड ओढत आणल्याचा. फरशीवरून. सावकाश.

दाराशी येऊन थांबला.

मग काही नाही...

पहिल्याच घावात दार बिजागऱ्यांसकट आत आलं. तो उभा होता. रंध्याने स्वतः ज्याच्यावर झाकण लावलं होतं, तोच. हनुवटीला बांधलेली पट्टी तशीच. हातात पहार.

टेबल फुटलं. बाटल्या फुटल्या. रंध्याने डोक्यावर हात धरला, त्या हातावर पहार बसली. हाड मोडल्याचं त्याला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. थंड बोटं गळ्याला आवळली. डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. परत एकदा. मग त्याला जमिनीवर आडवं टाकून त्याने काठी उचलली आणि रंध्याच्या शेजारी ठेवली. टाळूपासून टाचेपर्यंत.

"बाई," तो म्हणाला. "म्हण, खोटी साक्ष दिली. एवढंच म्हण. नाहीतर याचं माप झालंय."

पहारीचं टोक रंध्याच्या छातीवर टेकलं.

"म्हणा हो..." रंधा रडत होता. "बाई, म्हणून टाका..." ते आठवलं की आजही मान खाली घालतो तो.

पलंग करकरला. दोन महिने न उठलेली बाई उठली. काचांवरून चालत आली. पायाखाली रक्त. येऊन दोघांच्या मधे उभी राहिली.

"खोटं नव्हतं ते. तू भावाला मारलंस, मी पाहिलं. आता याला सोड. लेकरं आहेत त्याला. माझा जीव हवा असेल, तर तो मी कधीच प्रभूच्या हवाली केलाय. तुझ्या हाताला नाही लागायचा."

पहार तिच्या खांद्यावर बसली. ती गुडघ्यावर आली.

उठली.

दुसरा घाव बरगडीवर.

पुन्हा उठली. भिंत धरून.

"घाबर," तो ओरडला. "घाबर ना..."

तिसऱ्यांदा पहार वर गेली. पण हात थरथरत होता. त्याचा. तिचा नाही.

"किती घाबरलायस रे तू," ती म्हणाली. लहान पोराला म्हणावं तसं.



रंध्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पहार जमिनीवर पडल्याचा आवाज त्याने ऐकला. मग बाई प्रार्थना करायला लागल्या. हळू, थांबत थांबत, एकेक शब्द. आणि त्यांच्यामागून, अडखळत, दुसराच एक घोगरा आवाज तेच शब्द म्हणत होता. त्यापुढचं त्याला काही आठवत नाही.

सकाळी सहाला भाची आली. दार आडवं पडलेलं, रंधा बेशुद्ध, हात दोन ठिकाणी मोडलेला. मावशी पलंगावर होती, चादर छातीपर्यंत नीट ओढलेली. गेली होती. डॉक्टरांनी तपासलं, तर अंगावर एक ओरखडा नाही, तळव्याला एक काच नाही. फक्त उजवी मूठ मिटलेली होती. भाचीने ती उघडली. आत ओली माती होती, आणि त्या मातीत एका मोठ्या पुरुषी हाताची चार बोटं उमटलेली होती.