अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या जुळ्या

दोनशे अकराव्या मुलीची चाचणी संपली आणि वैजयंती कोल्हे यांनी शेवटचा गुण संगणकात भरला. यवतमाळच्या बालविकास केंद्रात सात वर्षं चाललेलं संशोधन आज पूर्ण झालं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं.

शेवटच्या दोघी जुळ्या होत्या, क्षिप्रा आणि मंजिरी. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या. इतक्या लवकर आलेल्या बाळाचा मेंदू अजून घडत असतो. त्याला लागणारं थायरॉइड संप्रेरक आईकडून मिळायचं ते नाळेबरोबर तुटतं, आणि बाळाची स्वतःची ग्रंथी पुरती कामाला लागलेली नसते. म्हणून बाळाच्या मांडीत, कातडीखाली, तांदळाएवढा 'पूरकमणी' बसवत. तो रक्तातली पातळी मोजी आणि कमी पडेल तेवढंच संप्रेरक सोडी. निम्म्या बाळांचे मणी मात्र तुलनेसाठी रिकामे होते. कुणाचे, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं.

मुलींची आई, एसटीत वाहक असलेल्या कुंदा भोयर, गणवेशातच आल्या होत्या.

"क्षिप्राला औषध मिळालं असणार," त्या म्हणाल्या. "ती घडाघडा वाचते. मंजिरीला अजून घड्याळ कळत नाही. हिच्या वाट्याला रिकामा मणी आला म्हणून मी हिला जरा जास्तच जवळ घेते, मॅडम."

सगळे गुण भरल्यावर संगणकाने गुपित उघडलं होतं. वैजयंतींनी ती ओळ दोनदा वाचली.

"औषध मंजिरीला मिळालं होतं."

"म्हणजे औषधानंच असं झालं?" कुंदाताईंनी विचारलं.

"तसं म्हणता येत नाही. औषध नसतं, तर कदाचित ती याहून मागे राहिली असती."

"नेमकं काय ते सांगा नं."

"एका मुलीवरून ते कळत नाही. सव्विसाव्या आठवड्याआधीच्या बाळांना फायदा झालेला दिसतो. तिसाव्यानंतरच्या काहींना अपाय झाला असावा. तुमच्या मुली या दोन्हींच्या मधल्या, तिथे आकडे स्पष्ट काहीच सांगत नाहीत."

"संमतीच्या कागदावर सही मीच केली होती," कुंदाताई हळूच म्हणाल्या.

वैजयंती काही बोलणार, तोच शिशुविभागातून फोन आला. अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं बाळ दाखल झालं होतं. मणी बसवायचा का, असं वडील विचारत होते. आकडे आता तुमच्याकडे आहेत, तुम्हीच सांगा, असं तिथले डॉक्टर म्हणाले.

वैजयंतींनी फोन हाताने झाकला. कुंदाताईंनी सगळं ऐकलं होतं.

"काय सांगणार तुम्ही त्यांना?" त्यांनी विचारलं.